गुण्या, कंपास आणि एक तुटलेला दगड
जुन्या दफनभूमीतील ‘गुप्त’ खुणांविषयी

प्रिय विद्यार्थी मित्रहो, पालकवर्ग व विश्वस्त मंडळी,



गेले काही महिने आपल्या शाळेत एका विषयाची कुजबुज चालू आहे. काही पालकांनी आम्हाला प्रत्यक्ष भेटून विचारले, काहींनी फोनवर विचारले, आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला. म्हणून झाले ते सरळ सांगावे आणि त्यानिमित्ताने जो अभ्यास झाला तोही सर्वांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आषाढ अमावास्येच्या, म्हणजे दिव्यांच्या अवसेच्या रात्री आपल्या नववीतील चार मुले सिकंदराबाद छावणी भागातील एका जुन्या इंग्रजी दफनभूमीची भिंत चढून आत गेली. त्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरत होता. त्या कब्रस्तानात सैतानाची पूजा करणाऱ्या एका गुप्त मंडळाच्या लोकांना पुरले आहे, आणि ज्या कबरीवर कंपासची खूण आहे तिच्याखाली खजिना आहे, असे त्यात म्हटले होते. मुलांना तशी एक कबर सापडली. दगड हलवून पाहताना त्याचा वरचा कोपरा तुटला. आवाजाने चौकीदार जागा झाला. दफनभूमीच्या समितीतील एका वृद्ध सद्‌गृहस्थांनी पोलिसांकडे न जाता सकाळी आम्हाला बोलावून घेतले. ते एवढेच म्हणाले, “मुलांना पुन्हा घेऊन या. पण दिवसा, आणि दारातून.”

मुलांना समोर बसवून बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यातील एकाने खाली मान घालून सांगितले, “सर, आपल्या भित्तिपत्रकात पण असंच छापलं होतं.” खरोखरच छापले होते. ‘शहरातील गूढ चिन्हे’ या नावाचा लेख जूनमध्ये आपल्या भित्तिपत्रकावर लागला होता. थडग्यांवरील ‘आय. एच. एस.’ ही अक्षरे गुप्त मंडळाची सांकेतिक भाषा आहेत, असे त्यात लिहिले होते. त्या लेखाला पहिले बक्षीस मिळाले होते आणि खाली आमची सही होती. म्हणजे आम्ही न तपासता सही केली, आणि मुलांनी न तपासता विश्वास ठेवला. दोष द्यायचा तर तो पहिल्यांदा आमच्याकडे येतो. म्हणून शिक्षेऐवजी आम्ही अभ्यास ठरवला. समितीच्या परवानगीने, दोन शिक्षक व काही पालकांसह, नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही चार रविवार तेथे गेलो. त्यातून जे समजले ते असे.

फ्रीमेसन म्हणजे कोण?

‘मेसन’ म्हणजे गवंडी. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दगडी चर्च आणि किल्ले बांधणारे पाथरवट-गवंडी कामासाठी गावोगाव फिरत. नव्या गावात आलेला माणूस खरोखर शिकलेला उस्ताद आहे की नुसता थापा मारतो आहे, हे कसे ओळखावे? त्या काळी प्रमाणपत्रे नव्हती. म्हणून ओळखीचे शब्द आणि हस्तांदोलनाच्या ठरावीक पद्धती आपसात ठेवल्या गेल्या असे मानतात. कामाच्या जागी ते ज्या झोपडीत जमत तिला ‘लॉज’ म्हणत. पुढे गवंडीकाम न करणारे लोकही, म्हणजे जमीनदार, डॉक्टर, व्यापारी, लष्करी अधिकारी, या मंडळांत येऊ लागले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली, असा त्यांचा परंपरागत इतिहास आहे. १७२३ साली जेम्स अँडरसन यांनी त्यांची नियमावली छापली. छापली, हा शब्द लक्षात ठेवावा. ज्याची नियमावली बाजारात मिळते ते मंडळ किती गुप्त असेल?

गवंड्यांची हत्यारे या लोकांनी नीतीचे पाठ म्हणून घेतली. आपल्याकडे घर बांधताना गवंड्याच्या हाती जी साधने दिसतात तीच ही. गुण्या म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन. त्याचा अर्थ सरळ व्यवहार. कंपास म्हणजे आपल्या इच्छांभोवती आखलेली मर्यादा. ओळंबा म्हणजे ताठ, सरळ आचरण. पाणसळ म्हणजे समानता. लॉजमध्ये लॉर्ड आणि दुकानदार एका पातळीवर. थापी म्हणजे विटा जोडतो तशी माणसे जोडणारा बंधुभाव. गुण्या आणि कंपास यांच्या मध्ये पुष्कळदा इंग्रजी ‘जी’ हे अक्षर असते. ते जॉमेट्रीचे, म्हणजे भूमितीचे, आणि गॉडचेही आद्याक्षर आहे. त्यांच्यात तीन पायऱ्या आहेत. आपल्या शब्दांत सांगायचे तर शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. कंपासची दोन्ही टोके गुण्याच्या वर दिसत असतील तर ती उस्तादाच्या पायरीची खूण होय.

वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, यात मुली का नाहीत?” प्रश्न रास्त आहे. मूळ इंग्रजी संघटना फक्त पुरुषांची होती आणि आजही आहे. पुढे स्त्रियांसाठी वेगळ्या, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी मिळून अशाही संघटना निघाल्या. आपल्याला स्वातंत्र्यचळवळीतून ठाऊक असलेल्या अ‍ॅनी बेझंट १९०२ साली अशा एका मिश्र संघटनेत गेल्या होत्या.

मग सैतान कुठून आला?

या लोकांवर संशय जुना आहे. १७३८ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिक लोकांना या मंडळात जाण्यास बंदी केली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडच्या सरकारलाही बंद दाराआडच्या बैठकांची भीती वाटू लागली. १७९९ साली तेथे बेकायदा मंडळांविरुद्ध कायदा झाला. फ्रीमेसनांना त्यातून सूट मिळाली, पण एका अटीवर. प्रत्येक लॉजने दरवर्षी आपल्या सभासदांची नावे सरकारी अधिकाऱ्याकडे द्यायची. ही अट १९६७ पर्यंत कायद्यात होती. ज्यांची हजेरी सरकारदरबारी लागते ते गुप्त कसले, असे आपल्या एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले आहे. आम्हाला ते वाक्य आवडले. गुप्त होत्या त्या ओळखीच्या खुणा आणि विधी. सभासद, इमारत आणि नियम उघडे होते.

सैतानपूजेची गोष्ट मात्र एका माणसाच्या लबाडीने जगभर पसरली. फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने १८८५ नंतर बारा वर्षे फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात अशा कहाण्या पुस्तकांमागून पुस्तकांत छापल्या. लोकांनी त्या विकत घेतल्या, मोठमोठ्या धर्मगुरूंनीही खऱ्या मानल्या. १८९७ साली पॅरिसमध्ये भर सभेत उभे राहून त्याने हे सगळे आपण रचलेले थोतांड होते असे हसत हसत सांगून टाकले. पण सोडलेला बाण परत येत नाही. सव्वाशे वर्षांनंतर तीच गोष्ट नवे कपडे घालून आपल्या मुलांच्या मोबाईलवर आली.

आपल्याकडे, आणि आपल्या हैदराबादेत

इंग्रजांबरोबर लॉज भारतात आल्या. १७३० च्या सुमारास कलकत्त्यात, पुढे मद्रास आणि मुंबईत. पलटणींच्या स्वतःच्या फिरत्या लॉजही असत. पलटण हलली की लॉजची सनद आणि पेटीही तिच्याबरोबर हलायची. म्हणूनच छावण्यांच्या दफनभूमीत या खुणा दिसतात. सिकंदराबाद ही अशीच छावणी. १७९८ च्या तहानंतर निजामाच्या राज्यात इंग्रजांची तैनाती फौज आली, आणि सिकंदर जाह यांच्या नावावरून १८०६ मध्ये छावणीला हे नाव पडले.

सुरुवातीला बहुतेक लॉज हिंदी लोकांना आत घेत नसत. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उम्दत-उल-उमरा यांच्यासारखे अपवाद अठराव्या शतकातही होते, पण ते राजघराण्यातले. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना येथे नकार मिळाला तेव्हा ते पॅरिसला जाऊन सभासद झाले. नंतर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज हिंदी सभासदांसाठी निघाली. विवेकानंद तरुणपणी, नरेंद्रनाथ दत्त असताना, १८८४ साली कलकत्त्यातील एका लॉजचे सभासद झाले होते. मोतीलाल नेहरूही सभासद होते. १९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. यांतले कोणी सैतानाची पूजा करीत होते असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील?

आपल्याच शहरात गोशामहल बारादरी आहे. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याच्या काळातील ही वास्तू १८७२ पासून फ्रीमेसनांकडे आहे. उत्तर हिंदुस्थानात अशा इमारतींना लोक ‘जादूघर’ किंवा ‘भूतबंगला’ म्हणत. फारसी जाणणारे ‘फरामोशखाना’ म्हणत. म्हणजे विसरण्याचे घर. आत काय पाहिले ते बाहेर आल्यावर सभासद ‘विसरतो’, हा त्यातला चिमटा, शिवाय ‘फ्रीमेसन’ या उच्चाराशीही जवळीक. हैदराबादशी संबंध असलेल्या अब्दुल लतीफ शुश्तरी यांनी १८०१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘तुहफत-उल-आलम’ या ग्रंथात फ्रीमेसनांची हकीकत आहे. फारसीत त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते. म्हणजे हा विषय आपल्या शहराला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपणच तो फरामोश केला.

कोणती खूण कशाची?

पहिल्या रविवारी मुलांनी ‘गुप्त’ म्हणून ज्या खुणा टिपल्या, त्यांतील बहुतेक अगदी उघड्या निघाल्या.

‘आय. एच. एस.’ ही ग्रीक लिपीतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. ही अक्षरे चर्चच्या वेदीवरही असतात. आपल्या भित्तिपत्रकातील चूक ती हीच. आपल्या शाळेतील एका ख्रिस्ती पालकांनी ही चूक जूनमध्येच पाहिली होती, पण मुलाचे बक्षीस जाईल म्हणून ते बोलले नाहीत. त्यांची आम्ही येथे क्षमा मागतो. आमचे नाव घेऊन चूक दाखवावी, एवढी मोकळीक पालकांना या शाळेत असलीच पाहिजे.

तुटलेला खांब म्हणजे कोणी मोडलेला खांब नव्हे. अकाली संपलेल्या आयुष्यासाठी तो तसाच घडवतात. वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे शोक. नांगर म्हणजे आशा. कोकरू बहुधा लहान मुलाच्या कबरीवर. उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेले जीवन. पंख असलेली वाळूची घटिका म्हणजे उडून जाणारा काळ. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप म्हणजे अनंतकाळ. कवटी आणि दोन हाडे पाहून मुले दचकली, पण मरणाची आठवण ठेवा एवढेच सांगण्यासाठी जुने लोक ती कोरत. एका दगडावर स्त्रीचे मुख आणि सिंहाचे अंग असलेली स्फिंक्सची मूर्ती होती, आणि मुलांनी लगेच इजिप्तच्या पुजाऱ्यांपर्यंत तर्क नेला. ते त्या शिपायाच्या पलटणीचे मानचिन्ह होते. १८०१ साली इजिप्तच्या मोहिमेत लढलेल्या पलटणींना ते मिळाले होते.

षट्कोणी ताऱ्याबद्दलही असाच गोंधळ होतो. तो फ्रीमेसनांच्या एका शाखेत आहे, यहुदी लोकांत आहे, आपल्या यंत्रांत आहे, आणि दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही आहे. एकच खूण अनेकांच्या घरी नांदते. म्हणून नुसत्या खुणेवरून माणूस ओळखू नये.

याचे आपल्या शहरातील उत्तम उदाहरण म्हणजे मलकपेटच्या बाजूची मुसे रेमंड याची समाधी. टेकडीवर टोकदार उंच स्तंभ आणि त्यावर ‘जे. आर.’ ही अक्षरे. असा स्तंभ दिसला की काही लोक लगेच गुप्त मंडळाचे नाव घेतात. पण असे स्तंभ त्या काळी युरोपभर स्मारक म्हणून उभारले जात होते, आणि अक्षरे त्याच्या नावाची आहेत. रेमंड हा निजामाच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती. मार्च १७९५ मध्ये जामखेडजवळ खर्डा येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, तेव्हा तो आपल्या पूर्वजांच्या समोर उभा होता. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. येथील हिंदूंनी त्याला मुसा राम केले, मुसलमानांनी मुसा रहीम, आणि मुसारामबागेचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. आपल्याशी लढलेल्या माणसाच्या समाधीवर लोक दिवा लावत असत, हे कोणत्याही गुप्त खुणेपेक्षा मोठे नवल आहे.

मग खरी फ्रीमेसनची कबर ओळखावी कशी? गुण्या आणि कंपास एकत्र असणे ही बळकट खूण. बाभळीच्या जातीची, सदा हिरवी अशी अकेशियाची डहाळी ही दुसरी. त्यांच्या अंत्यविधीत ती कबरीत टाकतात. पण सर्वांत खात्रीचा पुरावा असतो तो अक्षरांत. नावापुढे ‘पी. एम.’ असेल तर ती दुपारची वेळ नव्हे. ‘पास्ट मास्टर’, म्हणजे लॉजचा माजी प्रमुख. ‘डब्ल्यू. एम.’ म्हणजे त्या वेळचा प्रमुख. सनापुढे ‘ए. एल.’ असेल तर ते त्यांचे प्रकाशाचे वर्ष. त्यातून चार हजार वजा केले की इसवी सन येतो. ५८६२ म्हणजे १८६२. हे गणित आपल्या एका मुलाने जागच्या जागी सोडवले, तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला.

शोध कसा घ्यावा

ही पद्धत कोणत्याही जुन्या दफनभूमीला, समाधीला किंवा वीरगळालाही लागू आहे.

पहिले, परवानगी. जागा कोणाची, कोण सांभाळतो, हे विचारून दारातून जावे.

दुसरे, आधी लेख, मग खूण. दगडावरची सर्व अक्षरे, तुटकी असतील तर तुटकी, जशी आहेत तशी उतरवावीत. गाळलेल्या जागी टिंबे द्यावीत, अंदाजाने भरू नयेत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे जुन्या इंग्रजीपुढे आम्हीही मुलांइतकेच अडखळत होतो. ‘रेलिक्ट’ या शब्दाचा अर्थ ‘विधवा’ आहे, हे शब्दकोश पाहूनच कळले. ‘एन. आय.’ म्हणजे देशी पायदळ, हेही तसेच.

तिसरे, दगडाला इजा नको. खडू, पीठ, साबण, तारेचा ब्रश, आम्ल काही लावू नये. अक्षरे पुसट असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरपे ऊन पडते तेव्हा पाहावे. झाडाच्या सावलीत आरशाने ऊन वळवून बाजूने टाकले की पुसट अक्षर उठून दिसते. फोटो त्याच वेळी घ्यावा.

चौथे, नकाशा. ओळींना आणि थडग्यांना क्रमांक द्यावेत, म्हणजे पुन्हा येणाऱ्याला शोधता येते.

पाचवे, छापील याद्यांशी ताडून पाहावे. निजामाच्या राज्यातील थडग्यांचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन यांनी गोळा करून १९४१ साली हैदराबादेत छापले. मद्रास इलाख्याची अशी यादी जे. जे. कॉटन यांनी १९०५ मध्ये केली. आज जे अक्षर दगडावर राहिले नाही ते कधीकधी या पुस्तकांत सापडते. १९७६ साली थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमी जपण्यासाठी इंग्लंडमध्ये एक संस्था स्थापन केली. तिची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवली आहेत.

सहावे, नोंदवह्या. चर्चमध्ये दफनाची नोंदवही असते. कंपनी आणि सरकारच्या काळात तिच्या नकला लंडनला जात. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत त्या आजही आहेत. फ्रीमेसनांचीही सभासद-नोंद आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या १७५१ ते १९२१ या काळातील नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात. कोणती लॉज कोठे आणि कधी होती याची यादी जॉन लेन या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकातच तयार करून ठेवली.

सातवे आणि सर्वांत महत्त्वाचे. निष्कर्ष लिहिताना तीन रकाने करावेत: ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘नुसता अंदाज’. आपल्या मुलांच्या पहिल्या दिवशीच्या वहीत तिसऱ्या रकान्यातील गोष्टी पहिल्या रकान्यात होत्या. चौथ्या रविवारी तिसरा रकाना सर्वांत लांब झाला आणि पहिला सर्वांत छोटा. आम्ही त्या वह्यांना गुण दिले ते यासाठीच.

त्या दगडाचे गुपित

आता त्या तुटलेल्या दगडाविषयी. त्यावर गुण्या आणि कंपास होते, आणि नावापुढे ‘पी. एम.’ होते. म्हणून ही फ्रीमेसनची कबर, हे पहिल्या रकान्यात गेले. मुले पाठ फिरवणार होती. पण नियमाप्रमाणे लेख शेवटपर्यंत उतरवायचा होता. खालचा भाग गवतात आणि मातीत गेला होता. चौकीदाराने गवत कापून दिले, आणि मुलांनी हातांनी माती बाजूला केली. खाली आणखी चार ओळी निघाल्या. त्या माणसाच्या दोन मुलांची नावे होती. एक तीन वर्षांचा, दुसरी अकरा महिन्यांची. दोघे एका आठवड्यात गेले, आणि बाप त्यानंतर दीड महिन्याने. चर्चच्या नोंदवहीत तिघांपुढे एकच शब्द आहे, ताप. शेवटची ओळ अशी होती की हा दगड विधवेच्या वतीने लॉजमधील बंधूंनी उभा केला.

कोणी काही बोलले नाही. ज्याच्या हातून कोपरा तुटला होता तो मुलगा बराच वेळ तेथेच बसून राहिला.

डासामुळे हिवताप होतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना याच सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी मिळाला. त्याआधी ताप कुठून येतो हे राजालाही ठाऊक नव्हते. विल्किन्सन यांच्या पुस्तकाचे नावच ‘दोन पावसाळे’ आहे. नवा आलेला गोरा माणूस येथे दोन पावसाळे काढतो, एवढेच त्याचे आयुष्य, असा जुना समज होता. आपल्या मुलांनी उतरवलेल्या लेखांत साठी ओलांडलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आणि लॉजचे काम काय होते, तेही या ओळीतून कळते. घरापासून हजारो मैलांवर नवरा गेला, मुले गेली, तर त्या बाईने जायचे कोणाकडे? दगडाला, जहाजाच्या तिकिटाला, मागे उरलेल्या पोराच्या शिक्षणाला पैसे कोण देणार? अशा वेळी लॉजचे बंधू वर्गणी काढत. लंडनमध्ये फ्रीमेसनांच्या अनाथ मुलींसाठी १७८८ सालीच शाळा निघाली होती. म्हणजे थडग्यावरचा कंपास खजिन्याची खूण नव्हता. ‘हा आमचा माणूस, याच्या घरच्यांना अंतर देऊ नका’ असे सांगणारी ती चिठ्ठी होती.

हे आपल्याला कळायला कठीण जाऊ नये. आपले पणजोबा-खापरपणजोबा या शहरात नोकरीला आले तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा मंडळच काढले. गणपती बसवला, वाचनालय काढले, शाळा काढली, आणि कोणाच्या घरी मरण झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळतील अशी सोय केली. परक्या मुलखात आलेला माणूस असाच जगतो. बाहेरच्याला आपली मंडळेही कधी गूढ वाटली असतील.

पालकांस व विश्वस्तांस

काही पालकांनी विचारले, “मुलांना कब्रस्तानात कशाला नेता?” घरी आल्यावर अंघोळ करावी का, असेही मुलांनी विचारले. आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे करावे, असे आम्ही सांगितले. त्यात वाद नाही. पण एवढे सांगतो, की दिवसा आम्ही त्यांना नेले नसते तर दुसरी चार मुले रात्री गेली असती.

विश्वस्त मंडळातील काहींचे म्हणणे होते की शाळेच्या नावाला बट्टा लागेल, ही गोष्ट वार्तापत्रात छापू नये. त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो. परंतु चूक छापली होती ती आपणच, तेव्हा दुरुस्तीही आपणच छापली पाहिजे. भित्तिपत्रकातील लेखाचे बक्षीस आम्ही परत घेतलेले नाही. त्या विद्यार्थ्याने दुरुस्त लेख लिहून दिला आहे आणि तो आता त्याच जागी लावला आहे.

तुटलेला कोपरा समितीने कापडात बांधून जपून ठेवला आहे. तो सिमेंटने चिकटवू नये, जाणकारांकडून चुन्याने बसवून घ्यावा, असा सल्ला मिळाला. त्याचा खर्च चारही मुलांच्या घरच्यांनी आपणहून वाटून घेतला. मुले सध्या महिन्यातून एकदा तेथे गवत काढायला जातात. दारातूनच जातात. सहाव्या ओळीतील थडग्यांचे लेख उतरवायचे राहिले आहेत. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी यावे. येताना पाण्याची बाटली, टोपी आणि एक छोटा आरसा आणावा.

आपले,
प्राचार्य